‘इतर’ रकान्यात गेलेले दोष

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या संगणक आणि माहिती तंत्रज्ञान अभियांत्रिकी अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य यांस,



पुण्याजवळच्या चऱ्होली गावाचे नाव संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येते. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ‘ऱ’, मग हलन्त आणि मग ‘ह’ अशी साखळी तयार होते. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग ‘ह’. पडद्यावर दोन्हीकडे तोच आडवा अर्धा र उमटतो आणि वाचणाऱ्याला काडीचाही फरक जाणवत नाही. संगणकाच्या लेखी मात्र ही दोन वेगळी नावे आहेत. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना एकरूप करण्याचे जे प्रमाण नियम युनिकोडने दिले आहेत, त्यांतूनही ही जोडी निसटते. गावांच्या यादीत नाव एका तऱ्हेने साठवले असेल आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने टंकले, तर यादीत डोळ्यांसमोर असलेले गाव शोधून सापडत नाही. कऱ्हाड, वऱ्हाड, गोऱ्हे, कुऱ्हाडे या सगळ्यांची तीच गत.

आता अशा एखाद्या प्रणालीची तपासणी करणारी, नुकतीच नोकरीला लागलेली एक टेस्टर डोळ्यांसमोर आणावी. तिला हा दोष सापडतो. ती नोंदीचा फॉर्म उघडते. शीर्षक, तीव्रता, प्राधान्य हे सगळे भरून झाल्यावर शेवटचा रकाना येतो: दोषाचे मूळ. ड्रॉपडाउनमध्ये तीन पर्याय, डिझाइन, कोड आणि इतर. ती ‘कोड’ निवडते. डेव्हलपर स्वतःच्या कीबोर्डवर नाव टंकतो, गाव सापडते, आणि ‘माझ्या मशीनवर चालतंय’ असा शेरा मारून नोंद परत येते. ती ‘डिझाइन’ निवडते. डिझाइनच्या कागदावर ‘नावाने शोध घेता यावा’ असे लिहिलेले असते आणि शोध तर घेता येतो. तिसऱ्यांदा ती ‘इतर’ निवडते. मग तिला कोणी काही विचारत नाही. नोंद बंद होते, गाव मात्र सापडत नाहीच.

हे पत्र त्या ‘इतर’ रकान्याबद्दल आहे.

हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या कचेऱ्यांत महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेली असंख्य मुले-मुली पहिली नोकरी टेस्टर म्हणून करतात. युनिट टेस्टिंग आणि इंटिग्रेशन टेस्टिंग वेगळे कसे, तीव्रता आणि प्राधान्य यांत फरक काय, हे त्यांना विचारले तर पाठ येते. दोष कुठून आला, या प्रश्नाला मात्र बहुतेकांकडे दोनच उत्तरे असतात: आखणी चुकली किंवा कोड लिहिणारा चुकला. वर्गात जे दोन कप्पे दिसले, तेच पुढे कंपनीच्या फॉर्मवर उतरतात. आणि फॉर्मवर जो कप्पा नाही, त्यातला दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

१ ऑगस्ट २०१२ ची न्यूयॉर्कमधली सकाळ या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. शेअर दलालीतल्या नाइट कॅपिटल या बड्या कंपनीला त्या दिवसापासून न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या एका नव्या योजनेत भाग घ्यायचा होता. त्यासाठी लिहिलेला नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर तो चढला. आठव्यावर चढवणे तंत्रज्ञाकडून राहून गेले. दुसऱ्या कोणी ते तपासावे, असा लेखी नियम कंपनीत नव्हता. आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड पडून होता. नव्या प्रोग्रॅमने जो फ्लॅग वापरायला घेतला, तोच एके काळी या जुन्या कोडला जागे करत असे.

बाजार उघडण्याआधी, आठ वाजून एक मिनिटापासून, यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले. पॉवर पेग बंद आहे, असा त्रुटीसंदेश त्यांत होता. पण ते ईमेल धोक्याचा इशारा म्हणून आखलेलेच नव्हते, त्यामुळे कोणी त्यांवर हालचाल केली नाही. साडेनऊला बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर ऑर्डरी सोडतच सुटला. ग्राहकांच्या अवघ्या २१२ ऑर्डरींच्या पोटी पाऊण तासात १५४ कंपन्यांच्या शेअर्समध्ये ४० लाखांहून जास्त सौदे झाले. हे थांबवण्यासाठी घाईघाईने एक उपाय केला गेला: नीट चाललेल्या सात सर्व्हरवरून नवा प्रोग्रॅम काढून टाकला. परिणामी त्या सातांवरही जुना कोड जागा झाला. कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने १.२ कोटी डॉलरचा दंड केला आणि हा सगळा घटनाक्रम आपल्या आदेशात नोंदवून ठेवला.

आता ही घटना त्या तीन पर्यायांच्या फॉर्मवर भरायची झाली तर? नवा प्रोग्रॅम सात सर्व्हरवर अपेक्षेप्रमाणे काम करत होता, म्हणजे ‘कोड’ म्हणणे अर्धवट आहे. मेलेला कोड काढून न टाकणे आणि जुना फ्लॅग पुन्हा वापरणे याला ‘डिझाइन’ म्हणता येईल. पण आठव्या सर्व्हरवर न पोहोचलेली आवृत्ती हा डिप्लॉयमेंटमधला दोष आहे. दुसऱ्या डोळ्यांनी तपासण्याचा नियम नसणे हा कार्यपद्धतीतला दोष. ९७ ईमेल कोणी गांभीर्याने घेऊ नयेत अशा रूपात जाणे हा संदेशातला दोष. आणि सात चांगले सर्व्हर बिघडवणारी ती घाईची कारवाई हा तर दुरुस्तीतून जन्मलेला दोष. आणि फॉर्मवर हे नंतरचे चारही दोष ‘इतर’मध्ये जातात.

कागदावरच्या शब्दांनीही माणसे मरतात. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातल्या दहरानमध्ये एक इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर आदळले आणि २८ सैनिक ठार झाले. तिथल्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने ते क्षेपणास्त्र अडवायचा प्रयत्नही केला नाही. कारण पाठ्यपुस्तकांत येते तेच: यंत्रणा वेळ सेकंदाच्या दशांशात मोजत होती, एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत पूर्ण मावत नाही, २४ बिटांवर ती छाटली जात होती, आणि शंभर तास सलग चाललेल्या यंत्रणेत ही बारीकशी तूट साठत साठत सुमारे एक तृतीयांश सेकंदावर गेली. येणारे क्षेपणास्त्र जिथे शोधायला हवे होते, तिथून यंत्रणेची नजर सहाशे मीटरहून जास्त सरकली. वर्गात गोष्ट इथे संपते आणि रकाना भरला जातो: कोड.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९२ मध्ये दिलेला अहवाल मात्र पुढेही बोलतो. ही यंत्रणा जागा बदलत, थोडे थोडे तास चालवायची म्हणून कल्पिलेली होती. युद्धात ती एकाच जागी दिवसेंदिवस चालू राहिली. ११ फेब्रुवारीलाच इस्रायलकडून माहिती आली होती की आठ तास सलग चालल्यावर नजर २० टक्क्यांनी सरकलेली दिसते. २१ फेब्रुवारीला पॅट्रियट वापरणाऱ्या तुकड्यांना संदेश गेला: यंत्रणा ‘फार वेळ’ सलग चालवल्यास लक्ष्य चुकू शकते. फार वेळ म्हणजे किती तास, हे त्यात लिहिले नव्हते. इतका वेळ कोणी सलग चालवत नसेल, असे लिहिणाऱ्यांनी धरून चालले होते. दुरुस्त केलेले सॉफ्टवेअर १६ फेब्रुवारीपासून रवाना होऊ लागले आणि दहरानला पोहोचले २६ तारखेला, म्हणजे हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या संदेशात ‘आठ तासांनी यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करा’ एवढे एक वाक्य असते तर कोडची एकही ओळ न बदलता घड्याळ शून्यावर आले असते. या दोषाचे नाव आहे दस्तऐवजातला दोष. तो शिकवला जात नाही, म्हणून तो लिहिणारे हात तयार होत राहतात.

दोष डिझाइन आणि कोड यांच्या बाहेरही जन्मतात, हे कोणा एका पत्रलेखकाचे मत नाही. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट एंड्रेस यांनी १९७५ मध्येच एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या चाचणीत सापडलेल्या चारशेहून अधिक चुका एकेक करून पाहिल्या होत्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या चुका प्रश्न नीट न समजल्याने किंवा तो एकाकडून दुसऱ्याकडे नीट न पोहोचल्याने झालेल्या निघाल्या. डोनाल्ड क्नूथ यांनी टेक् ही अक्षरजुळणीची प्रणाली रचताना १९७८ पासून स्वतःच्या प्रत्येक चुकीची वही ठेवली आणि १९८९ मध्ये ती प्रसिद्ध केली. आठशेहून अधिक नोंदी, पंधरा प्रकार, प्रत्येकाला रोमन लिपीतले एकेक अक्षर. विसरून गेलेले काम, न सुचलेला प्रसंग, दोन भागांमधला बेबनाव, साधी टंकनचूक, असे ते प्रकार आहेत. संगणकशास्त्रातल्या इतक्या मोठ्या माणसाला आपल्या चुका आणि सुधारणा मांडायला पंधरा कप्पे लागले, तिथे आपल्या विद्यार्थ्यांना आपण दोन देतो.

या सगळ्याला पद्धतीचे रूप दिले ते १९९२ मध्ये, आयबीएममधल्या राम चिल्लारेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांची ‘ऑर्थोगोनल डिफेक्ट क्लासिफिकेशन’ ही पद्धत ओडीसी या नावाने ओळखली जाते. तिच्यात दोषाचे आठ प्रकार होते. त्यांतले सहा प्रोग्रॅमच्या आतले. उरलेल्या दोनांतला एक बिल्ड, पॅकेज आणि मर्ज यांच्यासाठी, दुसरा दस्तऐवजांसाठी. म्हणजे नाइट कॅपिटलच्या वीस वर्षे आधी तिच्या आठव्या सर्व्हरसाठी रकाना तयार होता. प्रत्येक प्रकारापुढे आणखी एक प्रश्न होता आणि तोच या पद्धतीतला सर्वांत मोलाचा आहे: जे हवे ते चुकीचे आहे, की मुळात नाहीच? चुकीचे असेल तर कोड वाचून सापडते. नसेल तर कितीही वाचा, सापडत नाही, कारण जे लिहिलेच नाही त्यावर बोट ठेवता येत नाही. ‘नाहीच’ या नोंदी वाढू लागल्या तर आणखी टेस्टर नेमून उपयोग नसतो. मागण्या ठरवण्याच्या टप्प्यावर परत जावे लागते. वर्गीकरणाचा उपयोग हा असा आहे. नळ कुठे गळतो ते त्यातून कळते.

ओडीसीच्या नंतरच्या आवृत्तीत ‘दुरुस्ती कशात झाली’ असा वेगळा रकाना आला. त्याचे सहा पर्याय आहेत: मागण्या, डिझाइन, कोड, बिल्ड व पॅकेज, माहितीपर साहित्य, आणि सहावा, राष्ट्रीय भाषांचा आधार. इंग्रजीखेरीज इतर भाषांत उत्पादन चालवताना निघणाऱ्या दोषांचे हे घर. चऱ्होलीची नोंद तिथे जाते. वेबपानावर भाषेची खूण ‘मराठी’ अशी न लावल्याने काही फाँटमध्ये ल आणि श यांची हिंदी वळणाची रूपे दिसतात, तो दोषही तिथेच जातो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने या अक्षरांची मराठी वळणे ठरवून दिली आहेत, म्हणजे हा आवडीनिवडीचा मामला उरत नाही. अमेरिकी कंपनीच्या फॉर्मवर भाषेसाठी रकाना आहे. मराठी मुलुखातल्या वर्गातल्या फॉर्मवर तो नसावा, ही गोष्ट या पत्रामागचे खरे दुखणे आहे.

केपर्स जोन्स यांचे आकडे या क्षेत्रात सर्वत्र उद्धृत होतात. कामाचे माप म्हणून जो ‘फंक्शन पॉइंट’ वापरतात, त्या प्रत्येकामागे अमेरिकेत सरासरी पाच दोष जन्मतात, असा त्यांचा हिशेब. त्यांत कोडचे १.७५, डिझाइनचे १.२५, मागण्यांचे १, दस्तऐवजांचे ०.६०, आणि आधीचा दोष दुरुस्त करताना नव्याने घातलेले ०.४०. कोडमधले ९५ टक्के दोष ग्राहकाकडे जाण्याआधी पकडले जातात; मागण्यांमधले ७७ टक्केच, आणि दुरुस्तीतून जन्मलेले ७० टक्के. हे आकडे त्यांच्या सल्लागारीच्या कामातून जमलेले आहेत, मूळ नोंदी सर्वांना खुल्या नाहीत, म्हणून दशांश चिन्हापुढच्या अंकांवर फार विसंबू नये. पण गुणाकार करून पाहिला की दिशा स्पष्ट होते. ग्राहकाच्या हाती जे दोष पोहोचतात, त्यांत कोडचा वाटा सर्वांत लहान आणि मागण्यांचा सर्वांत मोठा. ज्याला आपण सगळ्यात जास्त शोधतो, ते सगळ्यात जास्त सापडते. बाकीचे ग्राहकाला सापडते.

मागण्यांचे दोष किती जवळचे असतात, हे पाहायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग विद्यार्थ्याचे नाव, मग वडिलांचे. परदेशी साच्यावरून केलेल्या फॉर्मवर ‘फर्स्ट नेम’ आणि ‘लास्ट नेम’ असतात. गुणपत्रिका समोर ठेवून ते भरणारा मुलगा पहिल्या रकान्यात पहिला दिसणारा शब्द, म्हणजे आडनाव लिहितो आणि कागदपत्रे जुळेनाशी होतात. २०२४ मध्ये राज्य शासनाने ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शासकीय कागदपत्रांत नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आणला. त्या निर्णयाबरोबर मधल्या नावाला एकच रकाना देणारा प्रत्येक फॉर्म सदोष झाला. कोडमधला स्वल्पविरामही हलला नव्हता. आदल्या दिवशी चाचणीत पास झालेली प्रणाली दुसऱ्या दिवशी चुकीची ठरली, कारण तिच्या भोवतालचे जग बदलले. हा दोष नोंदवायला दोन रकान्यांच्या फॉर्मवर जागा कुठे आहे?

युरोपच्या एरियन ५ अग्निबाणाची कथा हीच, फक्त मोठ्या आकड्यांची. ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत तो फुटला. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला कोड एरियन ४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता आणि एरियन ४ साठी तो बरोबर होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग कितीतरी जास्त असेल, ही गोष्ट त्या यंत्रणेच्या मागण्यांत उतरलीच नव्हती, आणि नव्या मार्गाच्या आकड्यांवर तिची चाचणीही झाली नव्हती. मंगळाच्या कक्षेत जाणारे नासाचे यान १९९९ मध्ये पाउंड आणि न्यूटन यांच्या गोंधळात गेले, हे तर सर्वांना ठाऊक आहे.

चाचणी स्वतःच सदोष असू शकते, हे मात्र फारसे ठाऊक नसते. १९ जुलै २०२४ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांना एक लहानशी फाइल पाठवली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातले ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ती फाइल म्हणजे प्रोग्रॅम नव्हता. कोणते हल्ले ओळखायचे, याची ती माहिती होती. माहितीचा साचा २१ रकान्यांचा आणि ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती रकाने २०. हा साचा फेब्रुवारीपासून वापरात होता, चाचण्या झाल्या होत्या, त्या पासही झाल्या होत्या. कारण चाचणीत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण भरलेली होती, म्हणून तो रकाना वाचायची वेळ कधी आलीच नाही. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती ग्राहक टप्प्याटप्प्याने घेऊ शकत होते. ही फाइल, ‘नुसती माहिती’ म्हणून, सगळ्यांकडे एकदम गेली. माहिती म्हणजे कोड नव्हे, ही वर्गवारी कागदावर बरोबर होती. पण माहितीतही दोष असतात आणि त्यांची तपासणी कोडइतकीच कडक हवी, हा रकाना तिथे कोणाच्या मनात पुरेसा ठसलेला नव्हता.

एका गोष्टीवर थोडे थांबायला हवे: ‘वापरणाऱ्याची चूक’ या शेऱ्यावर. पनामातल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २००० च्या ऑगस्टपासून पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंत २८ रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त किरणोत्सार दिला गेला. अनेकांचा त्यात जीव गेला. शरीराच्या निरोगी भागावर किरण पडू नयेत म्हणून मध्ये ठोकळे ठेवतात. उपचाराचा वेळ काढणारे सॉफ्टवेअर चार ठोकळे स्वीकारायचे. डॉक्टरांना पाचवा हवा होता. तिथल्या लोकांनी अनेक ठोकळ्यांची रेघ एकाच ठोकळ्यासारखी काढून आकडे भरायची युक्ती शोधली. सॉफ्टवेअरने ते मुकाट घेतले, पडद्यावर चित्र दाखवले, आणि वेळ सांगितला तो जवळजवळ दुप्पट. इशारा आला नाही. पुस्तिकेतल्या सूचना निःसंदिग्ध नव्हत्या. रुग्णालयानेही हाताने पडताळा घेतला नाही, हेही तितकेच खरे. नंतर तिथल्या भौतिकतज्ज्ञांवर खटले चालले.

या घटनेच्या नोंदीत ‘वापरणाऱ्याची चूक’ एवढेच लिहिले असते, तर पुढच्या रुग्णालयातही पाचवा ठोकळा असाच भरला गेला असता. मागण्यांच्या बाजूला ‘पाच ठोकळे लागतात’ हे नाही, तपासणीच्या बाजूला ‘चुकीची रेघ नाकारा’ हे नाही, दस्तऐवजाच्या बाजूला ‘असे करू नका’ हे नाही, आणि रुग्णालयाच्या कार्यपद्धतीत पडताळा नाही. चार ठिकाणी ‘नाही’ लिहावे लागते. चारही लिहिले तरच चारही ठिकाणी कोणीतरी हात घालतो.

फॉर्मवरचे कप्पे वाढवायचे म्हटले की आक्षेप येतील, आणि ते गांभीर्याने घ्यायला हवेत. पहिला असा की विद्यार्थ्यांना दहा कप्पे दिले तर त्यांचा गोंधळ होईल. गोंधळ कप्प्यांच्या संख्येमुळे होत नाही. कप्पे एकमेकांत मिसळले की होतो. ओडीसीच्या नावातल्या ‘ऑर्थोगोनल’चा अर्थच असा की एक दोष दोन कप्प्यांत बसू नये. दुसरा आक्षेप कचेऱ्यांतून येतो: मूळ शोधायला गेले की माणसावर बोट येते आणि वार्षिक मूल्यमापनात ते निघते. ही भीती खरी आहे. म्हणूनच फॉर्मवर माणसाचे नाव नसावे, जागेचे असावे. उलट दोनच रकाने असले की बोट नेहमी एकाच माणसावर येते, कोड लिहिणाऱ्यावर. आणि तो मग ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणून स्वतःला वाचवतो. तिसरा आक्षेप वेळेचा. एक नोंद भरायला काही मिनिटे जास्त लागतील, हे कबूल. चुकीच्या माणसाकडे गेलेली नोंद तीनदा परत येते, त्याचे दिवस कोणी मोजतो का?

मंडळांकडे मागणे मोठे नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या विषयात आणखी एक युनिट वाढवावे, असे हे पत्र म्हणत नाही. विद्यार्थ्यांच्या पाठीवर ओझे पुरेसे आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्प अहवालात सापडलेल्या दोषांचा एक तक्ता सक्तीचा करावा. त्यात प्रत्येक दोषापुढे तीन वेगळे प्रश्न असावेत: सापडला कुठे, रुजला कुठे, दुरुस्त कशात झाला. ‘रुजला कुठे’ याखाली डिझाइन आणि कोड यांच्या जोडीला मागण्या, माहिती व कॉन्फिगरेशन, बिल्ड व डिप्लॉयमेंट, दस्तऐवज व संदेश, भाषा व लिपी, बाहेरून घेतलेले भाग, चाचणी स्वतः, आणि आधीची दुरुस्ती एवढे पर्याय असावेत. ‘इतर’ असावा, पण तो निवडणाऱ्याने दोन ओळींत कारण लिहावे. तोंडी परीक्षेत परीक्षकाने त्या तक्त्यातली एक नोंद उचलावी आणि ती त्याच रकान्यात का, एवढेच विचारावे. शिकवायला साहित्य लागेल तर पॅट्रियटचा, एरियनचा आणि नाइट कॅपिटलचा असे तिन्ही अधिकृत अहवाल कोणालाही वाचता येतील असे खुले आहेत. त्यांतली मोजकी पाने मराठीत आणून वर्गात वाचली, तर प्रश्नोत्तरांच्या गाइडपेक्षा मुले त्यांतून जास्त शिकतील.

हा तक्ता एका पानात मावतो. मंडळाच्या पुढच्या बैठकीत तो विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. आणि बैठकीला बसण्याआधी एखाद्या सदस्याने आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, जिथे नावाने शोधता येते अशा कोणत्याही पानावर, एक ऱ्ह असलेले नाव दोन्ही तऱ्हांनी टंकून पाहावे, आणि जे दिसेल ते इतिवृत्तात नोंदवावे.

कळावे.